दोन गाण्यांमधली पांढरी पट्टी

मेव्हिस ऑल्डरिजने डेंझिल स्पूनरला संपवायचं ठरवलं तेव्हा तिच्या हातात ब्लेड होतं. पण घाबरू नका, ते टेप कापायचं ब्लेड होतं. गेली अकरा वर्षं ती लंडनमध्ये, कॉव्हेंट गार्डनच्या भाजीबाजारामागच्या एका स्टुडिओत हेच काम करत होती. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आपापली गाणी सुट्या रिळांवर भरून ठेवायची आणि निघून जायचं. मग मेव्हिसने ती कापायची, जोडायची, एका ओळीत लावायची. दोन गाण्यांच्या मध्ये पांढऱ्या कोऱ्या टेपची हातभर पट्टी चिकटवायची, म्हणजे रेकॉर्डवर तेवढी शांतता उमटते. बाजाराचे हमाल सकाळी कोबीची पोती ओढत असायचे आणि वर ही बाई शांतता मोजून कापत असायची.

त्या वर्षी, त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये, तिच्या टेबलावर ‘टिन चॅपल’ या बँडची दहा रिळं येऊन पडली. पहिलाच अल्बम. बँडचा गायक डेंझिल स्पूनर. आणि हा डेंझिल तीन वर्षं मेव्हिसच्या आईच्या हातचं जेवला होता.

ते असं झालं होतं. डेंझिल सोळा वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला घराबाहेर काढलं. लंडनपासून दूर, कारखान्यांच्या टिप्टन गावात, त्याच गल्लीत ऑल्डरिजांचं घर. मेव्हिसचा धाकटा भाऊ क्लेम त्याला हाताला धरून घरी घेऊन आला. क्लेम बोलताना अडखळायचा, त्यामुळे ‘याला राहू दे’ एवढं म्हणायलाही त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढ्यात आईने तिसरं ताट मांडलंसुद्धा होतं. डेंझिलला रात्री उशिरा यायची खोड. आईने त्याला सांगून ठेवलं, “दार बडवायचं नाही बाबा, गल्ली उठते. किल्ली मागच्या दाराशी विटेखाली ठेवलेली असेल. ये आणि गुमान झोप.” तो तिला आई म्हणायला लागला. क्लेमने त्याला गिटारवर सूर धरायला शिकवलं, दोघांनी बँड काढला, मेव्हिसने त्यांची टेप नेऊन आपल्या साहेबांच्या, मिस्टर ऑसगुडच्या पुढ्यात ठेवली. म्हणजे सगळी शिडी ऑल्डरिजांच्या घरातली, आणि वर चढला डेंझिल.

वर चढल्यावर त्याला क्लेमची लाज वाटू लागली. जाड चष्मा, अडखळती जीभ, स्टेजवर भिंतीकडे तोंड करून वाजवायची सवय. एका शनिवारी डेंझिलने बँडची गाडी घरासमोर आणली, क्लेमची गिटार नि तिची पेटी फुटपाथवर उतरवली आणि म्हणाला, “तुला झेपत नाही रे हे, गड्या.” गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. क्लेम काहीतरी म्हणायला गेला. शब्द बाहेर येईपर्यंत गाडी कोपऱ्यावर वळली होती. तो साखळ्यांच्या कारखान्यात परत कामाला लागला आणि त्र्याहत्तरच्याच जानेवारीत न्यूमोनियाने गेला. सव्वीस वर्षांचा होता. डेंझिल त्या दिवशी तासाभराच्या वाटेवर, कॉव्हेंट्रीत होता. मातीला आला नाही. पुढे एका वर्तमानपत्राने विचारलं तेव्हा म्हणाला, “क्लेम ना? हो, होता एक. गिटार धरायचा.”

गिटार धरायचा. हे वाक्य मेव्हिसने कापून ठेवलं नव्हतं, कारण त्याची गरज नव्हती.

मे महिन्यात गाणी निवडायची बैठक झाली. मिस्टर ऑसगुड पाइप चावत बसले होते. डेंझिल उलटा बसला होता, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी ठेवून.

“माझी नऊ आहेत. नऊ बस्स झाली,” डेंझिल म्हणाला.

“छत्तीस मिनिटं होतात,” ऑसगुड म्हणाले. “कंपनीला चाळीस लागतात. क्लेमचं ते तयार आहे की. ‘किल्ली विटेखाली’. तूच गायलायस, गिटार त्याची आहे.”

“ते रडगाणं? अहो साहेब, ते लावलं तर लोक रुमाल मागतील.”

“मग तू चार मिनिटांचं नवीन दे. उद्यापर्यंत.”

उद्या डेंझिल जर्मनीला निघणार होता, सहा आठवड्यांच्या दौऱ्यावर. त्याने नाक मुरडलं. “बरं, टाका मग. पण दुसऱ्या बाजूच्या पार शेवटी. लेबलाला चिकटून. तिथवर पोचतंय कोण? तोवर लोक चहाचं आधण ठेवायला उठतात. आणि तिथे आवाजही घाण येतो. येतो ना गं, मेव्ह?”

“येतो,” मेव्हिस म्हणाली. आणि ते खरंच होतं. तबकडीच्या आतल्या बाजूला सुईला जागा कमी पडते, मोठ्याने वाजणारं गाणं तिथे फाटतं.

“मग ठरलं! बाकीचा क्रम तू लाव. तुझा कान भारी आहे. ‘लोखंडी राजा’ कुठेही घाल, ते चमकणारच.” दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “आई कशी आहे?”

“बरी आहे.”

“माझा नमस्कार सांग.”

तो गेला आणि मेव्हिसने दहाही रिळं कपाटातून काढली. रिळं कपाटाबाहेर, आणि डेंझिल तिच्या तावडीत.

आता, ज्यांना वाटतं की गाणी चांगली असली म्हणजे अल्बम चांगला होतो, त्यांनी हे नीट ऐकावं. पंगतीत आधी गुलाबजाम वाढून मग साखरभात वाढला तर दोन्हींत खोट नसते, पण जेवणारा पानावरून उठतो. गाण्यांचं तसंच. एकाच सुरातली, एकाच चालीने दौडणारी दोन गाणी लागोपाठ ठेवली की दुसरं जन्मतःच शिळं वाटतं. लांबलचक संथ गाण्याला आणखी एक संथ जोडलं की ऐकणारा खिडकीबाहेर बघायला लागतो. कुणाला कळतही नाही काय बिघडलं. टीकाकार लिहितात, ‘सुटी गाणी बरी आहेत, पण का कोण जाणे, अल्बम पकड घेत नाही.’ का, ते मेव्हिसला माहीत होतं. तिने असे कितीतरी मरणारे अल्बम वाचवले होते. एखादा मारायला काय लागतं?

चार दिवस तिने ते मन लावून केलं. सगळ्यात जोरकस गाणं, ‘भट्टी’, तिने पहिलं ठेवलं आणि त्याच्या मागे लगेच ‘लोखंडी राजा’, तोच ठेका, तोच सूर, की राजा बिचारा भट्टीच्या राखेत बसावा. मग तीन संथ गाणी एकामागून एक. पांढऱ्या पट्ट्यासुद्धा तिने दोन-दोन बोटं जास्त लांब कापल्या, म्हणजे प्रत्येक गाण्यानंतर खोली पुन्हा थंड पडेल. दुसऱ्या बाजूला तेच. आणि सांगितल्याप्रमाणे शेवटी, लेबलाला चिकटून, क्लेम. शेवटचा जोड बसवला तेव्हा तिचे हात अगदी स्थिर होते. कुणी बोट ठेवू शकलं नसतं. एकही गाणं वगळलं नव्हतं, एकही सूर बदलला नव्हता.

रविवारी ती टेपयंत्र घेऊन टिप्टनला आईकडे गेली. का गेली? बहुतेक आपली कारागिरी कुणाला तरी ऐकवायची खुमखुमी. आई स्वयंपाकघरात बसून गाजरं किसत होती. विस्तवावर बेकन घातलेले करडे वाटाणे शिजत होते. मेव्हिसने यंत्र सुरू केलं.

“डेंझिलचा आवाज!” आई खूश झाली. “काय खडा आवाज आहे गं पोराचा.” दुसऱ्या गाण्याला ती म्हणाली, “हे मघाचंच ना?” चौथ्याला तिने गाजरं बाजूला ठेवून ओट्यावरचं फडकं धुतलं. सहाव्याला शेजारच्या मिसेस फेलोजने कुंपणावरून हाक मारली.

“आई, थांब. क्लेमचं यायचंय.”

“येऊ दे की. आलं की हाक मार.”

आणि ती गेली. कुंपणाशी कुणाच्या तरी नातवाच्या दाताचा विषय निघाला. मेव्हिस तिथेच बसली होती. तिची कारागिरी इतकी सफाईदार होती की तिचं स्वतःचंही चित्त उडालं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या घोड्याकडे बघत राहिली आणि भानावर आली तेव्हा क्लेमची गिटार निम्मी वाजून गेली होती. त्या गिटारीत त्याची एक लकब होती. पुढच्या सुरावर जायच्या आधी तो किंचित थांबायचा, बोलताना थांबायचा तसाच, फक्त इथे तो अडखळल्यासारखा वाटत नसे. जगात क्लेमचं म्हणून जे काही उरलं होतं ते हे एवढंच, चार मिनिटं. ती चार मिनिटं रिकाम्या स्वयंपाकघरात वाजून संपली. टेपचं टोक फटफट करत गरगरत राहिलं.

आई हात पुसत आत आली. “झालं? आमच्या क्लेमचं लागलंच नाही होय?”

“लागलं.”

“अगं बाई. मला कळलंच नाही.”

मेव्हिस मागच्या अंगणात गेली आणि कोळशाच्या खोलीच्या आडोशाला उभी राहून रडली. डेंझिलचं थडगं तिने छान खणलं होतं, आणि त्यात तळाशी आपल्याच भावाला घातलं होतं.

लंडनला परत येताना गाडीत तिचा राग पुन्हा जागा झाला, पण आता त्याने कूस बदलली होती. तिला एक गोष्ट लख्ख दिसली. अल्बम मेला तर डेंझिल सुटेल. दोन महिने चिडचिड करेल, मग दुसरा करेल, आणि क्लेमचं नाव जन्मात त्याच्या कानावर पडणार नाही. त्याला मारून कसं चालेल? त्याला मोठा करायचा. इतका मोठा, की हजारो लोकांनी त्याला सोडू नये. आणि मग ते गाणं त्याच्या गळ्यात घालायचं, की पुन्हा उतरू नये.

सोमवारी सकाळी तिने आपले सगळे जोड उकलले.

यावेळी तिने रिळं बाजूला ठेवली आणि फक्त ऐकलं. दोन दिवस ऐकलं. नऊ गाणी डेंझिलची खरी, पण ती सगळी त्या टिप्टनच्या गल्लीतूनच निघालेली होती. त्याला ते कळलं नव्हतं. तिला कळलं. ‘सोमवारचा भोंगा’ तिने पहिलं ठेवलं: कारखान्याचा भोंगा, पहाट, ओल्या रस्त्यावरचे बूट. मग ‘भट्टी’, जिथे अंग भाजतं. मग एक संथ गाणं, जेवणाच्या सुट्टीएवढंच. पहिली बाजू तिने अशा जागी संपवली की माणूस उठून तबकडी उलटवल्याशिवाय राहणार नाही. दुसऱ्या बाजूला संध्याकाळ, दारूचा गुत्ता, भांडण, फुशारकी. तिने पट्ट्या कापल्या त्यासुद्धा एकेक ऐकून: कुठे श्वासाएवढी, कुठे डोळ्याची पापणी लवेल तेवढीच. नववं ‘लोखंडी राजा’. दिवसभराच्या घामानंतर तिथे पोचलं की डेंझिलची ती फुशारकी खरी वाटायची, अंगावर काटा यायचा. त्याच्या शेवटी ऑर्गनचा एकच सूर अकरा सेकंद घुमत राहतो.

आणि क्लेमच्या गाण्याची पहिली तार त्याच सुरात होती.

मेव्हिसने दोन्ही टोकं तीनदा हाताने टेप ओढून ऐकली. मग ब्लेड घेतलं. ऑर्गनचा सूर विरायच्या आत तिरका काप दिला, क्लेमची तार त्याला भिडवली आणि वरून चिकटपट्टी नखाने घासली. मध्ये पांढरी पट्टी घातलीच नाही. आता राजा गर्जत गर्जत थेट मागच्या दाराशी येऊन उभा राहत होता आणि त्याला किल्ली शोधावी लागत होती. एका गाण्यातून दुसऱ्यात कधी आलो ते कुणालाही सांगता आलं नसतं. आणि आतल्या चकरांत आवाज फाटतो तो मोठ्या गाण्यांचा. क्लेमचं गाणं कुजबुजीचं. ते तिथे अगदी स्वच्छ वाजलं असतं.

मिस्टर ऑसगुडनी संपूर्ण चाळीस मिनिटं एका बैठकीत ऐकली. त्यांचा पाइप विझला तरी त्यांनी पेटवला नाही.

“ही दहा गाणी राहिलीच नाहीत गं,” ते म्हणाले. “एकच काहीतरी झालंय.” आणि मग, “शेवटच्या दोघांत पट्टी नाही.”

“नाही.”

“डेंझिलला विचारलंस?”

“तो म्हणाला, पार शेवटी टाक. शेवटीच आहे, मिस्टर ऑसगुड.”

ऑसगुडनी विझलेला पाइप खिशात ठेवला. ते क्लेमच्या मातीला आले होते. “मी दुपारी जरा लवकर घरी जातो,” ते म्हणाले आणि टोपी घेऊन निघाले.

जूनच्या अखेरीस डेंझिल जर्मनीहून परतला, भर उन्हाळ्यात फरचा कोट घालून. नमुन्याची तबकडी आली होती, कोरं पांढरं लेबल असलेली. ज्याचा अल्बम त्याने ती ऐकून होकार द्यायचा, मग कारखाना हजारोंनी छापतो. पण गाणारे लोक तबकडी कशी ऐकतात ते मेव्हिसने अकरा वर्षं पाहिलं होतं. ते ती ऐकत नाहीत, बघतात. दोन गाण्यांच्या मधली पांढरी पट्टी तबकडीवर चकचकीत रेघ होऊन उमटते, ती बघून कुठलं गाणं कुठे आहे ते हेरतात, आणि सुई नेमकी आपल्या आवडत्या जागी टेकवतात.

डेंझिलने तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. “एक, दोन, तीन, चार, पाच.” उलटी केली. “एक, दोन, तीन, चार.” तो थांबला. पुन्हा मोजलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“नऊ! काढलंस? काढलंस ना ते रडगाणं?”

मेव्हिसने तबकडीच्या यंत्राचं झाकण उघडलं.

“तुझ्या स्वतःच्या भावाचं! शाबास, मेव्ह. धंदा म्हणजे धंदा. मी ऑसगुडला म्हणणारच होतो, छत्तीस मिनिटं पुरे आहेत.” त्याने तिच्या खांद्यावर थाप मारली.

“ऐकून घे,” ती म्हणाली. “सगळी, पहिल्यापासून.”

“ऐकतो ना.” त्याने सुई टेकवली, वीस सेकंद, उचलली. पुढे टेकवली, उचलली. ‘लोखंडी राजा’चं एक कडवं मात्र त्याने डोळे मिटून, मान डोलवत ऐकलं. मग सुई उचलून ठेवली. “झकास. आता आपल्याला कोण थांबवणार!”

तिने टेपच्या खोक्यावरचा कागद पुढे केला. त्यावर गाण्यांची नावं, क्रम, कोणी रचलं, कोणी वाजवलं, सगळं तिच्या ठसठशीत अक्षरात. याच कागदावरून लेबल आणि वेष्टन छापायचं. “वाचून सही कर.”

“तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात.”

“डेंझिल, वाचून घे.”

“अगं, खाली गाडी उभी आहे!” त्याने सही ठोकली, चाहत्यांना देतो तशी, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहीतल्या ‘स्पूनर’ची शेपटी दहाव्या ओळीवरून गेली. दहाव्या ओळीवर लिहिलं होतं: किल्ली विटेखाली. शब्द, चाल आणि गिटार, क्लेमंट ऑल्डरिज.

यावेळीही त्याने खालच्या गाडीचं इंजिन बंद केलं नव्हतं. मेव्हिसने खिडकीतून ते ऐकलं आणि तिच्या मनात उरलीसुरली जी काही टोचणी होती ती गेली.

सप्टेंबरात अल्बम आला आणि आगीसारखा पसरला. रेडिओवर एका निवेदकाने ‘लोखंडी राजा’ लावलं. संपलं की सुई उचलायला त्याने हात पुढे केला, पण संपलं कुठे तेच त्याला कळेना. तोवर क्लेमची गिटार सुरू झाली होती, आणि ती थांबवायचा त्याला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पत्रांची पोती आली. लोकांच्या कानात ती दोन गाणी एकच होऊन बसली. एकाशिवाय दुसरं वाजलं की पायरी चुकल्यासारखं वाटायचं.

डेंझिलचा फोन आला. जे तोंडाला येईल ते बोलला. “नवीन छापा! तोड ते! मध्ये पट्टी घाल!”

“कंपनीला सांग,” मेव्हिस म्हणाली.

त्याने सांगितलं. धडाधड खपणारी रेकॉर्ड बदलायला सांगणाऱ्या माणसाकडे कंपनीने डॉक्टरला पाठवायचं तेवढं बाकी ठेवलं.

डिसेंबरात टिन चॅपल बँड टिप्टनजवळच्या वुल्व्हरहॅम्प्टनला आला. मेव्हिस आईला घेऊन गेली. आईने रविवारी चॅपलला, म्हणजे प्रार्थनेला, जायची टोपी घातली होती आणि केसाळ पोरांच्या गर्दीत ती तिसऱ्या रांगेत ताठ बसली होती. डेंझिल खरंच मोठा झाला होता. गाणी अल्बमच्या क्रमानेच चालली होती, दुसरा क्रम लोकांनी चालवूनच घेतला नसता. ‘लोखंडी राजा’ला सगळं सभागृह उभं राहिलं. शेवट आला, ऑर्गनचा सूर लागला, आणि डेंझिलने ऑर्गनवाल्याला हाताने खूण केली. सूर मध्येच तुटला.

“शुभरात्री, वुल्व्हरहॅम्प्टन!” तो ओरडला आणि आत वळला.

कुणी टाळी वाजवली नाही. दोन हजार माणसं उभी होती आणि त्यांच्या कानात तो सूर अपुरा राहिला होता. मग मागच्या रांगांतून कुणीतरी तो ओठ मिटून धरला. शेजाऱ्याने धरला. हळूहळू सगळं सभागृह तो एकच सूर गुणगुणायला लागलं, आणि पुढे काय येतं ते सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे, कुणी न सांगता त्यांनी सुरुवात केली:

उशीर झाला तर दार वाजवू नकोस, आई उठेल,
किल्ली विटेखाली आहे, जागा तुला माहीत आहे.

लोक गात असलेल्या जागेतून निघून जाणं डेंझिलला कधीच जमलं नव्हतं. तो परत आला. माइक हातात घेतला. आणि तिसऱ्या रांगेत त्याला ती टोपी दिसली. ‘विटेखाली’ म्हणताना त्याचा आवाज चिरला. लोकांना वाटलं, वा, काय जीव ओतून गातो. ते बेभान झाले.

मेव्हिसला आनंद झाला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. वर्षभर पोटात घेऊन फिरलेला दगड कुणीतरी उचलून त्या माणसाच्या डोक्यावर ठेवला होता, आणि ती तो दगड बघत होती.

नंतर आतल्या खोलीत तो टॉवेल गळ्यात टाकून बसला होता. “रोज, मेव्ह,” तो म्हणाला. “लीड्सला म्हटलं. हल शहरात म्हटलं. उद्या लिव्हरपूलला. रोज म्हणावं लागतं. बेड्या घातल्यात तू मला. मुद्दाम केलंस.”

“सही तुझी आहे.”

“किती दिवस?”

“लोक ऐकतील तितके दिवस. ‘गिटार धरायचा’ ना तो? धरलीय बघ किती घट्ट.”

तेवढ्यात आई आत आली. मेव्हिसने तिला बाहेर बसायला सांगितलं होतं, पण ती कोणाचं ऐकते? ती सरळ डेंझिलकडे गेली आणि त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“वाळलास रे. खातोस का काही? मातीला आला नाहीस म्हणून मी रागावले होते हो तुझ्यावर. फार रागावले होते. पण आज म्हटलंस तसं क्लेमलासुद्धा म्हणता आलं नसतं.” तिने टॉवेलाने त्याचं कपाळ पुसलं. “घरी येत जा. वीट हलवलेली नाही मी. किल्ली तिथेच आहे.”

डेंझिलने टॉवेलात तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडू लागला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मेव्हिस दाराशी उभी होती. एवढी मेहनत करून तिने जो क्रम लावला होता, त्यात हे अकरावं गाणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वरच्या खोलीत अंथरुणं घडी करत होती. मेव्हिस बॅग घेऊन मागच्या दाराने निघाली. अंगणात दहिवर पडलं होतं. ती वाकली, वीट उचलली, किल्ली घेतली आणि वीट होती तशी ठेवली.

फेब्रुवारीत ती पुन्हा टिप्टनला आली. आईने चहा ओतला, आणि ओतताओतताच म्हणाली, “डेंझिल येऊन गेला म्हणे. मागच्या रविवारी. मी चॅपलला गेले होते बघ. मिसेस फेलोजने पाहिलं. म्हणाली, मागच्या दाराशी वीट उचलून बराच वेळ बघत होता. मग पायरीवर बसला. भुरभुर बर्फ पडत होतं, तरी अर्धा तास बसला.”

“मग?”

“मग गेला. चिठ्ठी नाही, काही नाही. किल्ली नव्हतीच गं तिथे. मीच कुठे ठेवली कोण जाणे. म्हातारी झाले.” आईने कप सरकवला. “त्याला वाटलं असेल, मीच काढून घेतली. तोंडावर गोड बोलले आणि मागे किल्ली काढली. आता नाही यायचा तो.”

मेव्हिसचा हात कोटाच्या खिशात होता. किल्ली लहानशी, गंजकी, तिच्या मुठीत ऊबदार झालेली.

“असेल कुठेतरी,” ती म्हणाली. “सापडेल.”

आईने मान हलवली आणि रेकॉर्ड लावायला उठली. दुसरी बाजू, अगदी पहिल्यापासून. मध्येच सुई ठेवलेली तिला चालत नसे. क्लेमचं गाणं यायला अजून सोळा मिनिटं होती, आणि मेव्हिस मूठ न उघडता बसून राहिली.